आमची वाटचाल : गंजलेल्या स्प्रिंगपासून

मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, त्यामुळे बीपीची यंत्रं, सक्शन मशीन दुरुस्त करणाऱ्यालाही कामाला तोटा नाही. आमचं दुकान त्यावरच चालायचं. एकदा नर्सिंग कॉलेजातून सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबायला शिकवायची बाहुली आली. छाती दाबली जात नव्हती. उघडून पाहिलं, तर स्प्रिंग जराही झिजलेली नाही, नुसती गंजलेली. बाहुली वर्षभर कुलूपबंद कपाटात; बाहेर निघायची ती इन्स्पेक्शनला.

सीपीआरची जगभर गाजलेली बाहुली १९६० साली नॉर्वेत आस्मुंड लेर्डाल यांनी आणली. मूळचे ते खेळणी बनवणारे. हे ऐकून सौ. म्हणाली, "मग आपल्याला काय अवघड आहे?" अवघड होतं. आमचा पहिला आयव्हीचा हात, म्हणजे शिरेत सुई घालायच्या सरावाचा नकली हात, भर डेमोत गळला आणि शिरेतलं लाल पाणी मॅडमच्या पांढऱ्या साडीवर. ऑर्डर गेली, साडीचे पैसे वरून.

धंद्याला वळण लावलं ते एका ट्यूटर मॅडमनी. म्हणाल्या, "दादा, सुई टोचायला मुली वॉर्डातही शिकतील. चुका कुठं करायच्या ते सांगा." त्यांनी माझ्यासमोर दोन इन्सुलिन सिरिंज ठेवल्या. लाल टोपणाची ४० ची, म्हणजे एका मिलीत ४० युनिट असलेल्या इन्सुलिनसाठी; नारिंगी टोपणाची तशीच १०० ची. आपल्याकडे ४० ची बाटली सर्रास मिळते. तिच्यातलं औषध १०० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत ओढलं, तर पेशंटला मिळतात फक्त ८ युनिट. उलट झालं, म्हणजे १०० च्या बाटलीला ४० ची सिरिंज, तर डोस अडीचपट आणि साखर धाडकन खाली.

त्यातून आमचा 'चुकांचा ट्रे' झाला. दोन्ही सिरिंज, पाणी भरलेल्या बाटल्या, एकाच आडनावाचे दोन पेशंट-बँड. पहिल्याच दिवशी एक मुलगी चुकली. मॅडम रागावल्या नाहीत, सगळ्यांना गोलात बसवून विचारलं, "त्या वेळी तुला ट्रेमध्ये काय दिसत होतं?" ती म्हणाली, "टोपणं आधीच काढलेली होती, मॅडम." रंग टोपणाला! ते डब्यात गेलं की उरतात नळीवरची बारीक अक्षरं. इतकी वर्षं उपकरणं हाताळून माझ्या हे डोक्यात आलं नव्हतं. तेव्हापासून ट्रेसोबत चर्चेच्या प्रश्नांचा कागद देतो. माझ्या मते खरा माल तो कागदच, पण त्याचे पैसे कोणी देत नाही.

२०२१ मध्ये इंडियन नर्सिंग कौन्सिलचा बीएस्सीचा सुधारित अभ्यासक्रम आला, त्यात सिम्युलेशनला, म्हणजे बाहुल्यांवर आणि बनवलेल्या प्रसंगांवर सराव करण्याला, जागा मिळाली आणि फोन वाढले. निम्मे फोन अजूनही "इन्स्पेक्शनच्या आधी पोचेल ना?" असेच. बिलं मात्र इन्स्पेक्शननंतर सहा-सहा महिने अडकतात.

गेल्या महिन्यात दुरुस्तीला आलेल्या एका बाहुलीची स्प्रिंग वापरून वापरून तुटली होती. मजुरी घेतली नाही. सौ. अजून त्यावरून बोलते.