किनाऱ्यावर फुकट दशावतार, आणि एका दाखल्याने काढलेला घाम

जानेवारीत आमच्या गावच्या किनाऱ्यावर (सिंधुदुर्गातच) मोठा कार्यक्रम केला, दशावतार, पिंगुळीची चित्रकथी (चित्रं दाखवत सांगायची कथा), वाळूवर मोठाली चित्रं, सगळं फुकट, कोणीही या नि बसा. कलाकार, वर्गणी, मांडव, जनरेटर पटापट जमलं. अडलं ते ना हरकत दाखल्यावर.

पोलीस म्हणाले स्पीकरची परवानगी देतो, आधी जागेचा कागद आणा. ग्रामपंचायतीने ठराव दिला पण वाळू आमच्या ताब्यात नाही म्हणाले. मग ज्या कार्यालयात पाठवलं तिथे अर्ज नुसता पडून. साहेब मीटिंगला, साहेब रजेवर. शेवटी क्लार्कने अर्ज उघडला आणि 'तिकीट दर' या रकान्यावर बोट ठेवलं. आम्ही शून्य लिहिलेलं. म्हणे शून्य कसं, मग खर्च कोण करतं, वर्गणीचा हिशोब आणा. तो दिला तर म्हणे पोलिसांची परवानगी जोडा. अहो, पोलीस तुमचाच कागद मागतायत! ज्या मुलखात धयकाला (जत्रेतला दशावताराचा खेळ) पिढ्यानपिढ्या देवळासमोर बिनतिकिटाचा होतो तिथे फुकट नाटकाचा संशय घ्यावा, याचा मला अजून राग येतो.

सुटलं ते आवक शिक्क्यामुळे, म्हणजे अर्ज मिळाल्याच्या कार्यालयाच्या शिक्क्यामुळे. पहिल्या अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक घेतलेला, तो टाकून नवीन पत्र दिलं की नकार असेल तर कारणासह लेखी द्या, आणि प्रत तहसीलदारांना. सोबत हाताने काढलेला नकाशा, भरतीची रेषा, स्टेज, ॲम्ब्युलन्सची वाट. मग लगेच दाखला आला! तेव्हा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

रात्री 10 नंतर उघड्यावर स्पीकर बंद, हा 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला नियम. वर्षातले मोजके दिवस 12 पर्यंत सूट असते पण ते दिवस सरकार ठरवतं, त्यावर विसंबू नका. आम्ही संकासुर (दशावताराच्या सुरुवातीचं सोंग) दिवेलागणीलाच उभा केला आणि आख्यान, म्हणजे मुख्य कथा, वेळेत आटोपलं.

हां, तारीख अष्टमीच्या आसपासची घ्या, भांगाची भरती असते, पाणी फार वर येत नाही, अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात मांडव भिजेल. आणि सगळ्यात आधी रापणकरांशी (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांशी) बोला, होड्या कुठे ओढतात ते त्यांनाच माहीत, आमच्याकडे त्यांनीच जागा मोकळी करून दिली. थंडीत कासवं अंडी घालायला येतात म्हणून वनखात्याला कळवा, लाईट समुद्राकडे मारू नका. लिहिलेलं नाटक करणार असाल तर परिनिरीक्षण मंडळाचं (नाटकाची संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं) प्रमाणपत्रही लागतं, ते आधीच मागवून ठेवा.