कापसाचा हंगाम, कातळाचा हंगाम

आमच्या खान्देशात कापसाचा आणि कातळ चढण्याचा हंगाम एकाच वेळी येतो. पाऊस सरला, दिवाळी झाली की खडक कोरडा आणि गार होतो, बोटांना धरू देतो. नेमके तेच दिवस जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, गेटसमोर ट्रॅक्टरांची रांग लागण्याचे. मी चाळीसगाव भागातल्या एका जिनिंगमध्ये शिफ्ट सांभाळतो. काट्यावर वजन, कापसाचा ओलावा, मशीनवरची माणसं, 170 किलोच्या गाठी मोजून ट्रकमध्ये चढवणं, असे फेब्रुवारीपर्यंत बारा-बारा तास जातात. मार्चनंतर हात मोकळे होतात, पण तोवर ऊन तापतं. एप्रिल-मे महिन्यांत पारा 43-44 वर गेला की दुपारच्या कातळाला हात लावायची सोय नसते.

दोन वर्षं मी पुण्याच्या मित्रांचं वेळापत्रक जसंच्या तसं उचललं. ऑक्टोबरपासून जोरात सराव, जानेवारीत सुळके. रात्री अकराला शिफ्टवरून यायचं, जेवायचं आणि चौकटीवर ठोकलेल्या फिंगरबोर्डला, म्हणजे बोटांनी लटकायच्या खाचा-पट्ट्यांच्या फळीला, थेट लटकायचं. अंग गरम करायला वेळ कुठे होता? दुसऱ्या वर्षी डिसेंबरात उजव्या अनामिकेत 'टक्' असा आवाज झाला आणि बोट सुजलं. बोटाचा कंडरा हाडाला धरून ठेवणारे छोटे पट्टे असतात, त्यांना पुली म्हणतात. त्यातली एक थोडी फाटली होती. डॉक्टरांनी समजावलं की स्नायू काही आठवड्यांत ताकद धरतो, कंडऱ्याला आणि पुलीला महिने लागतात, आणि झोप नसेल तर दोन्ही नीट भरून येत नाहीत. माझी झोप तेव्हा पाच तासांची होती.

त्याच हिवाळ्यात नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली.

त्यानंतर क्लाइंबिंग सोडायचं असंच मी ठरवलं होतं. पण झालं असं की फिजिओथेरपिस्टनी नानांना हाताचे जे व्यायाम दिले, त्यातले काही मलाही सांगितलेले होते. बोटांभोवती रबरबँड घालून बोटं हळूहळू उघडायची आणि मिटायची. सकाळी नानांच्या खाटेशी बसून आम्ही दोघं तेच करायचो. त्यांचं डावं बोट केसभर हललं की मी मोठ्यानं मोजायचो. माझं बोट तीन महिन्यांत बरं झालं, त्यांचं अजून चालू होतं. उठून जाणं जिवावर आलं, म्हणून मी फिंगरबोर्डच त्यांच्या खोलीच्या सागवानी चौकटीवर आणला.

तिथे मला माझं गणित सापडलं. बोटांच्या ताकदीचा सराव मुळात फार थोडा वेळ खातो. 20 मिलिमीटरच्या पट्टीवर दहा सेकंद लटकायचं, मग तीन मिनिटं विश्रांती, असे पाच-सहा सेट. म्हणजे कष्ट एका मिनिटाचे आणि थांबणं पाव तासाचं. त्या थांबण्यात मी नानांना कुशीवर वळवतो, हाताचे व्यायाम करून घेतो, चहा देतो. घाई करता येत नाही, आणि ते दोघांच्याही हिताचं आहे.

जोराचा सराव मी उन्हाळ्यात नेला. पहाटे साडेचारला, ऊन चढायच्या आत. वजन वाढवायला कमरेच्या हार्नेसला पाण्याची बादली अडकवतो. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे मोजायला सोपं. मुलगी सहा वर्षांची आहे. जाग आली तर मगानं पाणी ओतायचं काम तिचं. "पप्पा, आज सात मग," असं ती बजावते आणि थेंब सांडला तर तोही भरते. हंगाम सुरू झाला की सराव आठवड्यातून दोनदाच, सेटही निम्मे. ताकद वाढवायची नाही, टिकवायची. हे स्वीकारायला मला सगळ्यात जड गेलं.

बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिनं एकदाच स्पष्ट सांगितलं, "डोंगराला माझी ना नाही. पण तुम्ही आदल्या रात्री सांगता, ते नको. महिनाभर आधी कॅलेंडरवर लिहा." तेव्हापासून हंगामात महिन्याला एक रविवार लाल पेनानं लिहिलेला असतो. त्याच्या बदल्यात मी लक्ष्मीपूजनाच्या रात्रीची ड्यूटी घेतो, आणि बाकीचे रविवार घराचे.

गेल्या जानेवारीच्या लाल रविवारी आम्ही चौघं पहाटेच्या गाडीनं मनमाडला उतरलो. हडबीची शेंडी हा सुळका दुरूनच अंगठा उभारल्यासारखा दिसतो. वरच्या टप्प्यात पुढे चढायची पाळी माझी होती. एका ठिकाणी सगळा भार उजव्या हाताच्या दोन बोटांवर आला, त्यातली एक तीच अनामिका. श्वास सोडला, पाय वर घेतला, पुढची खाच हाताला लागली. माथ्यावर पोचलो तेव्हा वारा इतका होता की खालच्याला हाक ऐकू जाईना. दोर ओढून खूण दिली.

संध्याकाळी घरी आलो तर नाना जागे होते. "बोट कसं शे?" त्यांनी विचारलं. मी हात पुढे केला. त्यांनी डाव्या हातानं अनामिका धरली आणि दाबून पाहिली.

आठची शिफ्ट होती. काट्यासमोर अकरा ट्रॅक्टर उभे होते.