टोपीवाल्या मिरच्या

आमच्या घरचा व्हाइट सॉस पिवळा असायचा. आई तो रीतसर शिकून आली होती. दादरला कुणा बाईंकडे कुकिंगचा क्लास असे, तिथे वहीत मापं उतरवून घेतली होती: दोन चमचे लोणी, दोन चमचे मैदा, एक कप दूध. वहीतला सॉस पांढराच होता. पण कोलंबी घरात आली आणि तिला हळद लागली नाही, असं सीकेपी घरात होत नाही. शिवाय ऐन वेळी आईचा धीर सुटायचा. ‘पाहुण्यांना फिकं लागलं तर?’ असं म्हणत आलं-लसूण-मिरची-कोथिंबिरीचं वाटणही चमचाभर आत जायचं. मग त्या सॉसला पांढरा म्हणणं हा निव्वळ शिष्टाचार.

साल १९७८-७९ असेल. मध्यमवर्गीय घरांत तेव्हा बेक्ड डिशची साथ आली होती. आमच्याकडे ती भोपळ्या मिरचीतून आली. मिरचीचा देठाकडचा भाग टोपीसारखा कापायचा, आत कोलंबी आणि सॉस भरायचा, वर चीज किसायचं, टोपी घालायची आणि ओव्हनमध्ये. आईच्या तोंडी ‘स्टफ्ड कॅप्सिकम’, आजीच्या तोंडी ‘त्या टोपीवाल्या मिरच्या’. आजीला हा सगळा प्रकार मुळात पटला नव्हता. कोलंबी भरायचीच तर पडवळ काय वाईट, असं तिचं म्हणणं. आणि खरंच, पडवळाच्या नळ्यांत कोलंबीचं सारण हे आमच्याकडे जुनंच. पण पडवळ साहेबासमोर ठेवायचं कसं? मिरची कशी, टोपी घालून ताठ उभी राहते.

ओव्हन म्हणजे ॲल्युमिनियमचा गोल डबा, झाकणाला मधोमध काचेची खिडकी, कापडी वेष्टणाची जाडजूड वायर. तापमानाचा काटा वगैरे लाड नव्हते. झाकणावर पाण्याचा शिंतोडा मारायचा, चर्र वाजलं की तापला. शॉक बसायचा तो वेगळा. म्हणून आई लाकडी पाटावर उभी राहून बटण दाबायची आणि आम्हा पोरांना दारापलीकडे हाकलायची. चीज डब्यातलं, अमूलचं. ते संपल्यावर डबा मोहरीला. ब्रेडक्रम्ब्ज हा शब्द आम्ही फार उशिरा ऐकला. बेकरीतला टोस्ट लाटण्याने चुरडला की काम भागायचं.

पावसात बेत ठरला की पंचाईत. होड्या नारळी पौर्णिमेपर्यंत किनाऱ्याला, आणि बाबांच्या वरिष्ठांची बदली मात्र जुलैत. निरोपाचं जेवण तर द्यायला हवं. आईने सरळ आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, भरून ठेवलेले सोडे, म्हणजे सुकवलेली कोलंबी, भिजवले आणि तेच मिरच्यांत भरले. खिडक्या उघड्या टाकूनही सोड्यांचा वास जिन्यापर्यंत पोचला होता. साहेबांनी पहिला घास घेतला, जरा थांबले आणि म्हणाले, “वहिनी, चीज फॉरेनचं का?” आई हो म्हणाली. बाबांनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला तो बराच वेळ खाली ठेवला नाही.

तर गेल्या रविवारी मी हा पदार्थ चाळीसेक वर्षांनी करायला घेतला. सिटीलाइटच्या बाजारात गेले. “सोलून देऊ काय बाय?” कोळीण मावशींनी विचारलं. मी घरी सोलेन म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. कोलंबी अगदी एकसारख्या आकाराची होती, मापात ओतल्यासारखी. विचारलं तर म्हणाल्या, तलावातली. आईच्या वेळी वाट्यात लहानमोठी सगळी भावंडं असायची, एखादी चुकार माकूलही निघायची. किलोभर कोलंबी डोकं, टरफल आणि पाठीतला काळा दोरा काढून वजनाला टाकली, तर निम्म्याच्या आसपास उरली. टरफलं फेकली नाहीत. ती जरा परतून पाण्यात उकळली आणि ते गाळलेलं पाणी सॉसमध्ये दुधाच्या जोडीला घातलं. वहीत हे नाही, ही माझी भर. चव मात्र तिथेच आहे, हे मी छातीठोकपणे सांगते.

मिरच्या निवडताना भाजीवाला म्हणाला, चार उंचवट्यांची घ्या, ती मादी, गोड असते. मोबाइलवरही हे ज्ञान फिरत असतं. मिरचीत नर-मादी असं काही नसतं. तरी मी चार उंचवट्यांच्याच घेतल्या, कारण त्या ताटलीत लवंडत नाहीत. खळखळत्या मिठाच्या पाण्यात दोन मिनिटं टाकून चाळणीत उपड्या घातल्या.

मग सॉस. मैदा लोण्यात मंद आचेवर परतायचा, कच्चा वास गेला पाहिजे पण रंग बदलता कामा नये, आणि दूध थोडं थोडं घालायचं. मी एकदम ओतलं. गुठळ्या झाल्या. पिठाच्या गोळीला बाहेरून गरम दूध लागलं की वरचा थर फुगून चिकट होतो आणि आतलं पीठ कोरडंच अडकून बसतं, मग कितीही घोटा. शेवटी गाळणीतून काढला. आईनेही काढला असणार, आम्हाला दाराबाहेर ठेवण्याचं शॉक हे एकच कारण नसावं.

कोलंबी वेगळी परतून घ्यावी लागते, नाहीतर तिचं पाणी सॉसमध्ये सुटतं. कढईत पडल्यावर राखाडी कोलंबी बघता बघता केशरी होते. तो रंग तिच्यात आधीपासूनच असतो, एका प्रथिनाने झाकलेला. उष्णतेने पकड सुटते आणि रंग उघडा पडतो. चंद्रकोर झाली की उतरवायची. वेटोळं घातलं की रबर. हळद घातली का? घातली. हात आपोआप गेला.

भरताना मोजलं: एका मिरचीत मोठ्या पाच. आणि तेव्हा मला आईचं गणित उमगलं. कालवणाच्या पातेल्यात डाव खोल घालून कोलंबी उपसणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात, आमच्याकडे दोन काका होते. पाहुणे दहा, कोलंबी अर्धा किलो. मिरचीत भरली की वाटणी स्वयंपाकघरातच झाली, ताटावर कुणाला काही करता येत नाही. वर टोपी, म्हणजे शेजाऱ्याच्या मिरचीत किती आहे तेही दिसत नाही. साहेबाला सात पडत असतील, माझी खात्री आहे.

पोरांच्या वाट्याला मिरची यायची नाही. पाहुणे टोपी काढून ताटाच्या कडेला ठेवायचे, पण आई भाजतानाच चारदोन टोप्या जास्तीच्या लावायची, चीज आणि टोस्टचा चुरा फासून. त्या आमच्या. देठ धरून खायच्या, कडेला करपलेलं चीज आधी.

रविवारी आम्ही चौघंच होतो. मुलाने मिरची खाल्ली, बरी आहे म्हणाला, सॉस पिवळा का असं विचारलं. सुनेने टोपी काढून बाजूला ठेवली. नवऱ्यानेही. ताटं आत नेल्यावर ओट्याशी उभी राहून मी त्या टोप्या एकेक करून संपवल्या, आणि ओव्हनच्या ट्रेला चिकटलेलं चीज उलथन्याने खरवडलं.