एका अक्षराचा फरक

आज दिवसभर एका पतसंस्थेच्या वार्षिक अहवालाचं प्रूफ वाचत बसले होते. ६४ पानं, उद्या छपाईला जाणार. सकाळीच सचिवांचा फोन, "मॅडम, आकडे ऑडिटरनं तपासलेत, तुम्ही फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघा."

एका ठरावापाशी थांबले. "थकबाकी असलेल्या सभासदांना लाभांश देण्यात येईल." पुन्हा वाचलं. मूळ हस्तलिखित मागवलं, तर तिथे "नसलेल्या"! टाइप करताना 'न'च्या जागी 'अ' बसला आणि ठराव पार उलटा झाला. सर्वसाधारण सभेत एखादा सभासद हे पान घेऊन उभा राहिला असता तर?

बाकी नेहमीचंच. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणताना 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' झालेलं. मुखपृष्ठावर 'वर्धापनदीन'. दीन म्हणजे गरीब हो! शुद्धलेखनाचे शासनमान्य नियम १८च आहेत, १९६२चे १४ आणि १९७२चे ४. ते शिकता येतात. पण लिहिणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही, कारण त्याच्या मनातलं वाक्य बरोबरच असतं. तिथे दुसरे डोळेच लागतात. म्हणून संस्थांना कळकळीनं सांगते, छपाईच्या अंदाजपत्रकात मुद्रितशोधनाचा खर्च आधीच धरा. आणि निदान चार दिवस तरी द्या, आदल्या रात्री नको.

संध्याकाळी ते पान सचिवांना पाठवलं. दहा मिनिटांत त्यांचा फोन आला, "मॅडम, सभेची नोटीसही एकदा बघून द्याल का?"