आमची वाटचाल : कब्जा, बुश आणि पिन

इंदूरच्या महू नाक्याजवळ आमचे वर्कशॉप 1993 पासून आहे. पाटीवर ‘डेंटिंग, पेंटिंग व सर्व प्रकारची कामे’ असे लिहिलेले असले, तरी माहीतगार माणसे आमच्याकडे एकाच कामासाठी येतात, आणि ते काम म्हणजे जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांची उतरलेली दारे. इथले गिऱ्हाईक दाराला गेट म्हणते आणि बिजागरीला कब्जा. ‘गेट लटकलंय’ एवढे सांगून ते किल्ली टेबलावर ठेवते आणि चहाला निघून जाते. मीही दिवसभर त्याच भाषेत बोलतो, लिहिताना मात्र बिजागरी लिहितो, कारण लोकमान्य नगरच्या आमच्या घरात आईने शुद्धलेखनाची वही एक दिवस चुकू दिली नव्हती.

सुरुवात मी एकट्याने केलेली नाही. शहरातल्या कापडगिरण्या एकामागून एक बंद पडत होत्या त्या काळात एका गिरणीतले टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारे कारागीर, घरी बसले होते. त्यांनी भंगारातून एक जुना लेथ, म्हणजे लोखंड फिरवत कापून मापात आणायचे यंत्र, घेतला, माझ्याकडे पत्र्याची शेड होती, आणि दोघांनी निम्म्या हिश्श्याने काम सुरू केले. त्यांना सगळे मास्तर म्हणत. त्यांच्या खिशात चष्म्याच्या घरात मायक्रोमीटर असे आणि चष्मा मात्र उघडाच शर्टाच्या बटणात अडकवलेला असे. गाडीचे दार हा पत्र्याचा विषय नसून लेथचा विषय आहे, हे मला त्यांनी शिकवले. त्याआधी मी इतर सर्वांसारखा हातोडी आणि डॉली (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) घेऊनच दाराकडे जात होतो.

दार का उतरते, हे धंद्यातल्या माणसाला सांगायला नको, पण समोरच्या दुकानाशी झालेले आमचे सगळे भांडण, जे पुढे येईल, त्यावरच उभे आहे, म्हणून सांगतो. समजा दाराची लांबी 1 मीटर आहे आणि वरच्या व खालच्या बिजागरीतले अंतर 35 सेंटिमीटर. वरच्या बिजागरीत केवळ 1 मिलिमीटरचा ढिलेपणा आला, तर लॉकच्या टोकाला दार जवळजवळ 3 मिलिमीटर खाली येते. दाराचे सगळे वजन वरच्या बिजागरीला बाहेर ओढत असते आणि खालचीला आत दाबत असते, त्यामुळे बहुतेक गाड्यांत वरची पिन, म्हणजे बिजागरी जिच्यावर फिरते ती लोखंडी दांडी, आधी झिजते, आणि तीही एकाच अंगाने, म्हणजे भोक मोठे होत नाही, अंडाकृती होते. जुन्या टाटा सिएरासारख्या तीन-दारी गाडीत, जिथे पुढचे एकच दार मागच्या प्रवाशालाही वाट देण्याइतके लांब आहे, तिथे हे गणित आणखी कडक होते. मारुतीची जिप्सी 1985 साली आली तेव्हापासून शेवटपर्यंत पाट्यांच्या स्प्रिंगवरच चालली. खड्ड्याचा प्रत्येक धक्का त्या पिनेपर्यंत पोहोचतो. हा गाडीचा दोष नव्हे. चाळीस वर्षे जुनी माणसे तरी कुठे सरळ उभी राहतात?

आता खरी गोष्ट. दार उतरले की लॉक बसत नाही, आणि लॉक बसत नाही म्हणून निम्मे मिस्त्री स्ट्रायकरचे, म्हणजे लॉक ज्यात अडकते त्या खांबावरच्या तुकड्याचे, स्क्रू सैल करून तो खाली सरकवतात. दार लागते, गिऱ्हाईक खूश होते, आणि बिजागरी तशीच झिजत राहते. दोन पावसाळ्यांत स्ट्रायकर खोबणीच्या तळाशी जाऊन बसतो आणि मग सरकवायला जागाच उरत नाही. आमची पद्धत वेगळी होती आणि आहे. दाराखाली लाकडी ठोकळा ठेवून त्यावर जॅक लावायचा, दार जराशा आधारावर घ्यायचे, मग टोकाला धरून वर उचलून पाहायचे आणि त्या वेळी डोळे दाराकडे नव्हे तर बिजागरीकडे ठेवायचे. पिन हलते की बिजागरीची पाती, म्हणजे तिची सपाट पट्टी, खांबापासून हलते, की खांबाचा पत्राच श्वास घेतल्यासारखा आतबाहेर होतो, ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत आणि तिन्हींचे बिल वेगळे. त्याहीआधी चेसिस आणि बॉडी यांच्यामधले रबर पाहायचे. गाडीचा एक कोपरा जॅकवर उचलल्यावर दाराची फट बदलत असेल, तर बिजागरीला हात लावू नये. रबर बसलेले असेल किंवा उंबरठ्याचा पत्रा आतून गंजलेला असेल, आणि तो दुरुस्त केल्याशिवाय पिन सोन्याची बसवली तरी उपयोग नाही.

पिनेचेच दुखणे निघाले तर बिजागरी उतरवायची, अंडाकृती भोकात रीमर (भोक मापात कापायचे हत्यार) फिरवून ते गोल करायचे, फॉस्फर ब्राँझचा बुश, म्हणजे भोकात बसणारी छोटी नळी, दाबून बसवायचा आणि त्या बुशाच्या मापाची पिन लेथवर काढायची. मास्तरांचा कटाक्ष असे की दोन्ही बिजागऱ्यांतून एकच लांब सरळ सळई आरपार गेली पाहिजे. ती अडकली तर दोन्ही पिना एका रेषेत नाहीत आणि दार उघडताना खांबाला पीळ देणार. त्या सळईला ते ‘पंच’ म्हणत, ग्रामपंचायतीतले पंच. सळई अजून माझ्याकडे आहे, भिंतीवर दोन खिळ्यांवर आडवी ठेवलेली असते आणि तिला कुणी दुसऱ्या कामासाठी हात लावत नाही.

महूच्या जनावरांच्या डॉक्टर ताई आमच्याकडे पहिल्या वर्षी आल्या. त्यांच्याकडे 970 सीसीची जुनी जिप्सी होती आणि मानपूरच्या बाजूची खेडी त्या त्याच गाडीने फिरत. चालकाच्या बाजूचे दार लावण्यासाठी त्या ते डाव्या हाताने उचलून उजव्या हाताने ओढत, आणि हे त्यांच्या इतके अंगवळणी पडले होते की ते चुकीचे आहे हेच त्या विसरल्या होत्या. दुरुस्त झालेले दार त्यांनी सवयीने उचलून लावले, ते वर आपटले, आणि त्या मोठ्याने हसल्या. मास्तरांनी मात्र त्यांना सुनावले, ‘ताई, दोष पिनेचा नाही, तुमचा आहे. तुम्ही उतरताना उघड्या दारावर भार देता.’ ते खरे होते. खिडकीच्या कडेवर, जिथे त्यांचा हात पडे तिथे, रंग जाऊन पत्रा चकचकीत झालेला होता. आमच्या सांगण्यावरून त्यांनी खांबाला धरून उतरायला सुरुवात केली. वाचकांनीही तेच करावे. दार हा जिन्याचा कठडा नव्हे, त्यावर मुलांना झोके घेऊ देऊ नयेत, आणि दाराच्या तळाची पाणी निघायची भोके वर्षातून दोनदा काडीने मोकळी करावीत, कारण माळव्याची काळी माती एकदा तिथे बसली की दार आतून पाणी धरते, जड होते आणि कुजते.

पुढची काही वर्षे कामे येत राहिली, दुसरी शेड झाली, मुलीचे लग्न झाले. त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

2008 साली काय झाले ते मात्र लिहितो, कारण ते आमच्या पाठीमागे बरेच वेगळ्या प्रकारे सांगितले गेले आहे. आमच्याकडे चार वर्षे काम शिकलेला एक मुलगा होता. हात चांगला, तोंड त्याहून चांगले. त्याने एक दिवस किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि पुढच्या महिन्यात रस्त्याच्या पलीकडे, आमच्या पाटीवरून सरळ दिसेल अशा जागी, स्वतःचे दुकान मांडले. ‘दहा मिनिटांत गेट सरळ’ अशी त्याची पाटी. करायचा काय, तर बिजागरीच्या फटीत लोखंडी तुकडा अडकवून दार दाबायचे म्हणजे पाती वाकते आणि दार वर येते. वर येते हे खरे, पण झिजलेली पिन तशीच राहते आणि वाकवलेली पाती पुन्हा वाकते. आम्ही एका दाराला दीड दिवस आणि त्याच्या चौपट पैसे घेत होतो. गिऱ्हाईक रस्ता ओलांडू लागले, आणि जाताना आमच्याकडे पाहू नये म्हणून मान वळवू लागले. जे माझ्याकडे दहा वर्षे येत होते, त्यांनीही मान वळवली. ते मी अजून विसरलेलो नाही.

त्या घाईत मी चूक केली. मास्तर मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे महिनाभर घरी होते. पिना लवकर झिजू नयेत आणि आम्ही त्याच्यापेक्षा सरस आहोत हे दिसावे, म्हणून मी एक लॉट तापवून लाल केला आणि सरळ पाण्यात टाकला, टेंपर उतरवलाच नाही, म्हणजे पुन्हा हलके तापवून कडकपणा कमी केलाच नाही. पाणी दिलेले लोखंड काचेसारखे कडक होते आणि काचेसारखेच तुटते, हे कोयता बनवणाऱ्या लोहारालाही कळते. मला कळत नव्हते असे नाही. मी ऐकायला तयार नव्हतो. त्या लॉटमधली पिन खंडवा रस्त्यावर सिमरोलच्या घाटात तुटली. गाडी उभी असताना दार उघडले आणि ते मालकाच्या हातात आले. कुणाला इजा झाली नाही, पण संध्याकाळपर्यंत ती गोष्ट समोरच्या दुकानातून सगळ्या महू नाक्याला कळली, आणि सांगताना घाटात गाडी धावत होती असे सांगितले गेले.

आठ गाड्यांत त्या पिना गेल्या होत्या. मी जॉब कार्डांवरून आठही मालकांना गाठले आणि पिना फुकट बदलून देतो म्हणालो. दोघांनी किल्ली देण्यास नकार दिला आणि दुकान बदलले. त्या वर्षी दिवाळीला मी दुसरी शेड सोडून दिली. म्हणून नव्या मुलांना माझे सांगणे आहे की जॉब कार्ड लिहा, गाडीचा नंबर लिहा, कुठला लॉट वापरला तेही लिहा. ती आठ नावे वहीत नसती तर मला रात्री झोप लागली नसती. आणि मेहुण्याला उधार देऊ नका, हे या विषयाशी संबंधित नसले तरी सांगून ठेवतो.

डॉक्टर ताईंच्या गाडीत त्याच लॉटची पिन होती. त्यांना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, ‘दादा, मला कालच कुणीतरी सांगितलं. मी वाट बघत होते, तुम्ही स्वतः सांगता का ते.’ दुसऱ्या दिवशी त्या आल्या, आणि येताना आपल्या ओळखीच्या दोन गाड्या मागोमाग घेऊन आल्या. नवी पिन मास्तरांनी एका डोळ्यावर हिरवी पट्टी असताना लेथवर काढली. माझ्याशी ते त्या दिवशी एक शब्द बोलले नाहीत. फक्त माझ्या हातची उरलेली एक पिन व्हाइसमध्ये धरून हातोडीच्या एका ठोक्यात तोडली आणि तिचे दोन तुकडे माझ्या टेबलावर ठेवून दिले.

मास्तर आता नाहीत. लेथ आहे, त्याचा पट्टा आणि मोटर बदलली आहे. ताई निवृत्त झाल्या, जिप्सी त्यांच्या भाच्याकडे गेली, ती अजूनही येते, आणि त्यांच्या त्या दारातला तो बुश आजतागायत बदलावा लागलेला नाही.

समोरचे दुकानही आहे. त्याच्याकडून वाकवून घेतलेली दारे वर्षा-दोन वर्षांनी आमच्याकडे येतात आणि त्यांचा स्ट्रायकर पाहिला की ती कुठून आली हे विचारावे लागत नाही. मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी तो स्वतः रस्ता ओलांडून आला, हातात फडक्यात गुंडाळलेली बिजागरी. त्याच्या स्वतःच्या जिप्सीची होती. ‘उस्ताद, बुश टाकून द्याल का?’ म्हणाला. मी बिजागरी हातात घेऊन पाहिली. भोक चांगलेच अंडाकृती झाले होते आणि पाती दोन ठिकाणी वाकवलेली होती. भिंतीवरची सळई काढून त्याच्यासमोर लावून दाखवली, ती अडकली. तो काही बोलला नाही. दोन दिवसांनी काम करून दिले. पैसे मी त्याच्याकडून पूर्ण घेतले आणि पावती फाडून हातात दिली.