आमची वाटचाल: वाईन, वजनकाटा आणि ते ३२ बिट प्रकरण

आम्ही धंदा चालू केला तेव्हा वाईन (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) १.० नुकतंच आलेलं, साल २००८, प्रोजेक्ट चालू झाल्यापासून पंधरा वर्षांनी, आणि तरी लोक तोंडावर म्हणायचे की लिनक्सवर विंडोजचं सॉफ्टवेअर चालणारच नाही. आमचं काम एवढंच, की ज्या सॉफ्टवेअरची कंपनी कधीच बंद पडली, सोर्स कोड कुणाकडे नाही, ते लिनक्सवर चालतं करून द्यायचं.

पहिले कस्टमर गोदामवाले काका. व्हीबी ६ (व्हिज्युअल बेसिक, जुनी प्रोग्रामिंग भाषा) मधला वजनकाट्याचा प्रोग्राम. विनट्रिक्स या वाईनच्या मदतनीस टूलने रनटाइम (प्रोग्राम चालायला लागणाऱ्या फाइली) टाकला, सिरियल पोर्ट, म्हणजे काटा जोडायचं पोर्ट, वाचणारी ओसीएक्स फाइल रजिस्टर केली, फॉर्म उघडला, पण वजन शून्यच. मग रिले लॉग, म्हणजे प्रोग्राम विंडोजकडे जे जे मागतो त्याची नोंद, लावला (तो लॉग एवढा फुगतो की एडिटर मान टाकतो) तर पोर्ट उघडतानाच ॲक्सेस डिनाइड, कारण युजर डायलआउट ग्रुपमध्येच (सिरियल पोर्ट वापरायची परवानगी असलेला गट) नव्हता! एक कमांड, लॉगआउट करून परत लॉगइन, आणि आकडे हलायला लागले. काका तेव्हापासून आमचेच.

मधली वर्षं ठीक गेली.

मग आलं २०१९. एका मोठ्या डिस्ट्रोने (लिनक्सची तयार आवृत्ती) जाहीर केलं की पुढच्या व्हर्जनपासून ३२ बिट, म्हणजे जुन्या धाटणीच्या प्रोग्रामना लागणारी, पॅकेजेस बंद, आणि आमचं तर झाडून सगळं ३२ बिट. बोंब झाल्यावर काही दिवसांतच त्यांनी निर्णय फिरवला, निवडक लायब्ररी ठेवल्या, पण तेवढ्यात आमच्या एका स्पर्धकाने (नाव घेत नाही, घ्यायची इच्छा खूप आहे) कस्टमरना फोन लावून सांगितलं की वाईन म्हणजे जुगाड, आज आहे उद्या नाही, व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर) घ्या. आता डोंगलला (लायसन्ससाठी पोर्टला लावायची किल्ली) विंडोजच्या गाभ्यात चालणारा कर्नल ड्रायव्हर लागत असेल तर व्हीएमच बरं, हे मी स्वतः सांगतो, पण नुसता काटा वाचायला अख्खं विंडोज बूट करायचं, त्याचं लायसन्स, त्याचे अपडेट, त्याला वेगळी रॅम, हे कुठलं शहाणपण? तरी लोक गेले. पगार थकले.

तो स्पर्धक काकांकडेही पोचला. नेमकं रीबूटनंतर काट्याचा आणि बारकोड स्कॅनरचा यूएसबी कन्व्हर्टर यांच्या टीटीवाययूएसबी नंबरांची (लिनक्स अशा कन्व्हर्टरना देतं ती नावं) अदलाबदल झालेली, परत वजन गायब, आणि हा म्हणतो बघा वाईन! अरे, वाईनचा काय संबंध, नंबर लिनक्सने दिलेत. मी जाऊन युडेव्ह रूल (लिनक्समध्ये उपकरणांना नावं देणारा नियम) लिहिला, कन्व्हर्टरच्या सिरियल नंबरवरून पक्कं नाव दिलं आणि कॉम१ (प्रोग्रामला दिसणारं विंडोजचं पोर्ट) ची लिंक त्या नावाला जोडली. काका त्याला म्हणाले, चहा घ्या आणि निघा.

आणि हो, कोणी विचारलं नाही तरी सांगतो, प्रत्येक प्रोग्रामला वेगळा प्रीफिक्स (वाईनचं स्वतंत्र फोल्डर) करा, रूटने, म्हणजे ॲडमिन खात्याने, वाईन चालवू नका, आणि इंटरनेटवरून मिळेल ती डीएलएल (विंडोजची लायब्ररी फाइल) सिस्टम३२ फोल्डरमध्ये कोंबू नका, नंतर निस्तरायला आम्हालाच यावं लागतं.

२०२४ च्या वाईन ९.० मध्ये नवा वॉव६४ मोड वापरण्याजोगा झाला, म्हणजे ३२ बिट प्रोग्रामला लिनक्सच्या ३२ बिट लायब्ररी लागतच नाहीत. ज्या मुद्द्यावर आमचे कस्टमर पळवले तो मुद्दाच संपला. त्या साहेबांच्या सर्व्हिस लिस्टमध्ये आता 'वाईन सपोर्ट' आहे, आणि खालचा मजकूर आमच्या जुन्या पत्रकातला आहे, शुद्धलेखनाच्या चुकांसकट.