सी-आर्मच्या कोणत्या बाजूला उभे राहावे?

नागपुरात अस्थिरोग शल्यचिकित्सा शिकणाऱ्या निवासी डॉक्टरांचा सी-आर्मशी, म्हणजे शस्त्रक्रिया सुरू असतानाच क्ष-किरण प्रतिमा दाखवणाऱ्या यंत्राशी, संबंध लवकरच येतो, कारण विदर्भासह मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमधूनही अपघातग्रस्त येथे आणले जातात आणि मांडीच्या मोडलेल्या हाडात नेल (धातूची सळई) बसवायचा तर क्ष-किरणांवाचून काम पुढे सरकत नाही. तोंडी परीक्षेत हे विद्यार्थी अणुऊर्जा नियामक मंडळाने घातलेली किरणांच्या मात्रेची मर्यादा, म्हणजे पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (मात्रेचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षात ३० पेक्षा अधिक नाही, अशी बिनचूक सांगतात. मात्र लॅटरल व्ह्यू, म्हणजे बाजूने प्रतिमा, घेताना कोठे उभे राहाल, असे विचारले की बहुतेक जण गोंधळतात.

डॉक्टरांच्या अंगावर येणारे किरण मुख्यतः रुग्णाच्या शरीरावरून विखुरलेले असतात आणि ट्यूबमधून निघालेला झोत शरीरात ज्या बाजूने शिरतो, त्या बाजूला ते सर्वाधिक असतात. म्हणून लॅटरल घेताना ट्यूबच्या समोर प्रतिमा टिपणाऱ्या डिटेक्टरच्या बाजूला उभे राहावे आणि एरवी ट्यूब टेबलाखाली ठेवावी. अंतर दुप्पट केले की मात्रा साधारण चौथाईवर येते, त्यामुळे एक पाऊल मागे सरकणेही वाया जात नाही. डिस्टल लॉकिंगच्या, म्हणजे नेलच्या दूरच्या टोकाला स्क्रू बसवण्याच्या, वेळी मागे सरकण्याची ही सोय उरत नाही, आणि हात थेट झोतात जाण्याचा धोका नेमका तेव्हाच असतो.

मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला आणि शस्त्रक्रियागृहातील वातानुकूलन थकले की सर्वांत आधी थायरॉइड कॉलर (गळ्याला किरणांपासून वाचवणारी पट्टी) उतरते. अंगावर आलेल्या किरणांची मात्रा मोजणारा टीएलडी बॅज लेड एप्रनच्या, म्हणजे किरण अडवणाऱ्या शिशाच्या एप्रनच्या, आत छातीवर लावायचा असतो. तो लॉकरमध्येच राहिला तर तिमाही अहवाल निर्दोष येतो आणि सर्वांचे समाधान होते! घडी घालून ठेवलेल्या लेड एप्रनला आतून पडलेल्या भेगाही वरून दिसत नाहीत. त्यासाठी तो फ्लुओरोस्कोपीखाली, म्हणजे क्ष-किरणांच्या चालू प्रतिमेत, तपासावा लागतो.

याचा दोष मी विद्यार्थ्यांना देत नाही. "सर, थांबा, मला मागे होऊ द्या," असे कनिष्ठाने म्हणण्याची रीत आपल्याकडे नाही, म्हणून किरण सुरू करणाऱ्या पेडलवर पाय ठेवणाऱ्या ज्येष्ठानेच आधी सूचना द्यावी, सलग किरणांऐवजी पल्स मोड (थांबून थांबून किरण) वापरावा आणि पडद्यावर टिकून राहिलेल्या शेवटच्या प्रतिमेवर काम भागत असेल तर नवी घेऊ नये. माझ्या युनिटमध्ये शस्त्रक्रियेच्या नोंदीत आता फ्लुओरोस्कोपीचा एकूण वेळही लिहिला जातो आणि तो लिहिण्याचे काम निवासी डॉक्टरांकडेच आहे.